कंबरेची गादी सरकली की मज्जारज्जूला गाठ?

आंब्याच्या पेट्या उचलून नाहीतर चिऱ्याच्या खाणीत वाकून कंबर धरते, तेव्हा दोष बहुधा खरंच गादीचा असतो. मज्जारज्जूवरची गाठ विरळ, म्हणूनच ती महिनोन्‌महिने गादीच्या नावाखाली शेकली-चोळली जाते.

गादीचं दुखणं वाकलं, बसलं, खोकलं की वाढतं आणि आडवं झालं की उतरतं. कळ सहसा एकाच पायात, ढुंगणापासून पोटरीपर्यंत जाते. उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला, तर 30 ते 70 अंशांच्या दरम्यान तीच कळ उठते. बहुतेकांना सहा ते आठ आठवड्यांत उतार पडतो.

गाठीचं दुखणं पुष्कळदा उलट वागतं. पडल्यावर ते वाढतं; माणूस रात्री उठून पडवीत येरझारा घालतो, तेव्हा कुठे बरं वाटतं. गाठ छातीच्या मणक्यांत असेल तर बरगड्यांभोवती पट्टा आवळल्यासारखं होतं. पुढे दोन्ही पाय जड, ताठर होतात. चप्पल पायातून निसटते आणि खाली पाहीपर्यंत कळत नाही. हे रुग्ण आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं. तपासताना गुडघ्याचा झटका जोरात येतो आणि तळव्यावर रेघ ओढली की अंगठा वर वळतो. याउलट गादीने शीर दाबली असेल तर झटका मंदावतो. बेंबीखाली बधिरपणा असेल, तर दोष कंबरेत नाही, छातीच्या दहाव्या मणक्याच्या पातळीच्या आसपास शोधायचा.

खरी चूक पुढे होते. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, तरी एमआरआय फक्त कंबरेचा काढतात. त्यात गादीचा फुगवटा दिसतो (तो न दुखणाऱ्यांतही सापडतो!) आणि वरची गाठ राहूनच जाते. साध्या एक्स-रेत तर ती बहुधा दिसतच नाही. कोल्हापूर-मुंबईचा हेलपाटा करायचाच, तर पाय ताठर असल्यास संपूर्ण मणक्याचा, कॉन्ट्रास्टसह (गाठ उठून दिसावी म्हणून औषध टोचून) एमआरआय लिहून घ्या; आधी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम, पाहावं लागतं. मज्जारज्जूबाहेरच्या श्वानोमा, मेनिंजिओमा या गाठी बहुतांशी साध्याच, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या, असतात, आणि पाय पूर्ण लुळे पडण्याआधी काढल्या तर ताकद परतण्याची आशा चांगली असते. पूर्वी स्तनाचा, फुप्फुसाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग झालेल्याच्या नव्या पाठदुखीत मात्र सहा आठवडे थांबून पाहू नका.

लघवी अडली, जांघांमध्ये बधिरपणा आला किंवा पायांची ताकद भराभर जाऊ लागली, तर कारण गादी असो वा गाठ, त्याच दिवशी एमआरआय आणि न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालय गाठा.