तीन पिकअपवाली गिटार आणि रेडिओ दुरुस्तीचं डोकं

आमच्या सोलापुरात कुणी पहिल्यांदा इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालं की प्रश्न ठरलेला असतो, एकाच गिटारवर सगळं वाजलं पाहिजे, कुठली घेऊ? सगळं म्हणजे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात जुनी हिंदी गाणी, १४ एप्रिलला भीमगीतं, गणपतीत कोळीगीतं, आणि मित्रमंडळी बसली की रॉक. दोन-तीन गिटारी घ्यायची ऐपत बहुतेकांची नसते, त्यामुळे उत्तर पण ठरलेलंच, तीन पिकअपवाली घे. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेला चुंबक आणि कॉइलचा भाग, तो तारेची थरथर पकडून अँप्लिफायरकडे पाठवतो. मग तो बिचारा ऑनलाइन बघायला जातो आणि एसएसएस, एचएसएस, एचएसएच असली अक्षरं बघून गोंधळतो. एस म्हणजे सिंगल कॉइल, एका कॉइलचा पिकअप, एच म्हणजे हमबकर, दोन कॉइलचा, एवढं कुणी पण सांगतं. पण ही अक्षरं आली कुठून आणि कुणाच्या अडचणीतून आली हे कळलं ना, तर गिटार निवडणं आणि नंतर तिच्यात बदल करणं दोन्ही सोपं होतं असं माझं ठाम मत आहे, म्हणून जरा मागे जाऊन सांगतो.

लिओ फेंडर हा माणूस मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. १९३८ साली त्यानं कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण त्यानं गिटारकडे बघितलं ते दुरुस्तीवाल्याच्या नजरेनं. उघडायला सोपी पाहिजे, बिघडलेला पार्ट काढून दुसरा बसला पाहिजे, हे त्याच्या डोक्यात पक्कं. १९५० च्या सुमारास आलेली त्याची पहिली सॉलिड बॉडी, म्हणजे भरीव लाकडाची गिटार, जिला पुढं टेलिकास्टर नाव पडलं, ती तशीच होती, मान चार स्क्रूंवर, काढा आणि बदला. आणि १९५४ ला जी स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे स्ट्रॅट आली तिच्यात तर त्यानं पुढचं पाऊल टाकलं, तिन्ही पिकअप, व्हॉल्यूम, दोन टोन आणि स्विच हे सगळं एका प्लास्टिकच्या पिकगार्डवर, म्हणजे बॉडीच्या पुढच्या पातळ झाकणावर लटकवलं. स्क्रू काढले, पिकगार्ड उलटं केलं की गिटारीचं सगळं इलेक्ट्रिक तुमच्या हातात, फक्त जॅकच्या आणि अर्थिंगच्या वायरी काय त्या बॉडीत राहतात.

मी पहिल्यांदा माझी गिटार उघडली ती मामाच्या दुकानात. मामा रेडिओ, टेप, अँप्लिफायर दुरुस्त करायचा, मंगळवार पेठेत छोटंसं दुकान. त्यानं पिकगार्ड उलटं केलं, दोन मिनिटं नुसतं बघितलं आणि म्हणाला, "अरे ह्यात तर ट्रान्झिस्टरएवढं पण काही नाही की रे, तीन कॉइल, तीन पॉट, एक कपॅसिटर." पॉट म्हणजे नॉबखालचा फिरवायचा पार्ट. तेव्हा मला लिओ फेंडर कोण हे माहीत पण नव्हतं, पण आता वाटतं त्या दोघांची भेट झाली असती तर भाषेची अडचण आली नसती.

तीन पिकअप लावणारा फेंडर पहिला नव्हता हं. गिब्सननं १९४९ मध्येच ईएस-५ नावाची मोठी पोकळ बॉडीची गिटार काढली होती, तीन पी-९० जातीचे सिंगल कॉइल पिकअप, प्रत्येकाला वेगळा व्हॉल्यूम आणि सगळ्यांना मिळून एकच टोन. ब्लूज गिटारवाला टी-बोन वॉकर ती वाजवायचा. तिला स्विचच नव्हता, म्हणजे आवाज बदलायचा तर तीन नॉब फिरवत बसायचं, चालू गाण्यात ते कसं जमणार. म्हणून १९५५ ला त्यांनी चार जागांचा स्विच घातला आणि नाव पण स्विचमास्टर ठेवलं. ही छोटी गोष्ट लक्षात ठेवा, कारण तीन पिकअपच्या गिटारीची सगळी कथा खरं म्हणजे स्विचची कथा आहे. तीन पिकअप लावणं अवघड नाही, ते गाण्याच्या मधोमध एका झटक्यात हाताशी कसे येतील हा खरा प्रश्न.

स्ट्रॅटवर फेंडरनं तीन जागांचा स्विच दिला होता. नेक म्हणजे मानेजवळचा, मिडल मधला, ब्रिज म्हणजे खाली तारा जिथं टेकतात तिथला, एका वेळी एकच पिकअप. पण वाजवणाऱ्यांनी काय केलं, स्विच दोन जागांच्या मध्ये अर्धवट अडकवून ठेवायला सुरुवात केली, कधी काडी खुपसून, कधी नुसतं बोटानं तोलून, कारण तिथं दोन पिकअप एकदम चालू होत होते आणि एक पोकळ, घंटीसारखा, जरा नाकातला आवाज येत होता जो एकट्या पिकअपवर येतच नाही. लोक ह्याला आउट ऑफ फेज, म्हणजे एकमेकांच्या उलट जोडलेले म्हणतात पण ते चूक आहे, दोन्ही पिकअप फेजमध्येच असतात. होतं असं की एकच तार दोन वेगवेगळ्या ठिकाणी ऐकली जाते आणि त्या दोन आवाजांची बेरीज होताना काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून मधला भाग रिकामा झाल्यासारखा वाटतो. हा आवाज कंपनीनं ठरवलेला नव्हता, तो वाजवणाऱ्यांनी शोधला. बाजारात पाच जागांचे स्विच सुटे मिळायला लागले, लोक आपले आपण बसवायला लागले आणि शेवटी १९७७ मध्ये फेंडरनं स्वतः कारखान्यातून पाच जागांचा स्विच द्यायला सुरुवात केली. तेवीस वर्षं लागली! आज सगळ्यात स्वस्त गिटारवर पण जो पाच जागांचा स्विच येतो तो मुळात कुणीतरी घरी केलेली खटपट आहे.

आता गुणगुणीचा विषय. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकावर केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार टर्न. तारेची जाडी साधारण ०.०६३ मिलिमीटर. फेंडरच्या कारखान्यात हे काम बायका करायच्या, ॲबिगेल इबारा नावाच्या बाई १९५६ ला तिथं लागल्या आणि त्यांनी गुंडाळलेल्या पिकअपना आज लोक शोधत फिरतात. मशीन फिरतंय आणि हातानं तार डावी-उजवीकडे नेत गुंडाळायची, हे वाचलं तेव्हा मला आमच्या शेजारच्या घरातल्या कांड्या भरणाऱ्या काकू आठवल्या, लूमसाठी सूत भरताना त्यांचा हात पण असाच चालायचा, बघायची गरजच नाही, बोटाला ताण कळतो. सोलापूरच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत वाढलेल्या माणसाला पिकअप वाइंडिंग वेगळं समजवावं लागत नाही.

तर ही कॉइल तारेची थरथर पकडते तशी आजूबाजूच्या वीजेची पण गुणगुण पकडते. अमेरिकेत ६० सायकल, आपल्याकडे ५०. मांडवातला जनरेटर, लायटिंगचे डिमर, जुन्या ट्यूबलाइटचे चोक, आणि स्टेजवर अर्थिंगचा पत्ता नाही, अशा ठिकाणी सिंगल कॉइल लावून अँप्लिफायरचा गेन, म्हणजे सिग्नलची ताकद वाढवली की गायकापेक्षा गुणगुणच जास्त ऐकू येते. ह्यावर १९५५ मध्ये गिब्सनच्या सेथ लव्हरनं उपाय काढला, दोन कॉइल शेजारी-शेजारी, एकीचं वाइंडिंग उलटं आणि चुंबकाची दिशा पण उलटी. तारेचा आवाज दोन्हीत जुळतो, गुणगुण एकमेकींना मारून टाकते. हम मारणारा म्हणून हमबकर. आवाज जाड, गोल, जोरदार. पुढं हीच युक्ती तीन सिंगल कॉइलच्या गिटारीत पण आली, मधला पिकअप उलटा गुंडाळायचा, उलट्या चुंबकाचा, म्हणजे स्विच दोन नंबरला आणि चार नंबरला ठेवला की गुणगुण गायब. तुमच्या गिटारवर मधल्या जागांवर अचानक शांतता होत असेल तर कारण हे, आणि होत नसेल तर तुमचा मिडल पिकअप उलटा नाही. सेकंडहँड गिटार बघायला गेलात तर ही तपासणी आधी करा, एक पैसा लागत नाही.

१९६५ च्या जानेवारीत लिओ फेंडरनं कंपनी सीबीएस ह्या अमेरिकन प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली, आणि सत्तरच्या दशकात वाजवणाऱ्यांची दर्जाबद्दल कुरकुर सुरू झाली. त्यातून सुट्या पार्टचा धंदा फोफावला. लॅरी डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन पिकअप ह्याच काळातला, पिकअप बनवणारा सेमूर डंकन पण. लोक जुनी गिटार फेकायच्या ऐवजी पिकअप बदलायला लागले. रॉक गिटारवाला एडी व्हॅन हेलन, त्यानं स्ट्रॅटसारख्या बॉडीत ब्रिजला गिब्सनचा हमबकर ठोकला आणि त्याचा आवाज ऐकून जगभरच्या पोरांनी आपापल्या बॉडी कोरायला घेतल्या. ऐंशीच्या दशकात कंपन्यांनी तेच कारखान्यातून द्यायला सुरुवात केली, ब्रिजला हमबकर आणि पुढं दोन सिंगल, हे झालं एचएसएस. १९८७ ला आयबानेझनं आरजी काढली, दोन हमबकर आणि मध्ये सिंगल, आणि स्विच असा जोडला की मधल्या जागांवर हमबकरची एक कॉइल आपोआप बंद होते आणि स्ट्रॅटसारखा पातळ आवाज निघतो. हे एचएसएच. १९९० ला यामाहाची पॅसिफिका आली, तिच्या ११२ व्ही मॉडेलात टोनचा नॉब वर ओढला की हमबकर अर्धा होतो. स्वस्त गिटारीत एवढं मिळायला लागल्यावर पहिली गिटार म्हणून काय घ्यावं ह्याचं उत्तरच बदललं.

क्वीन बँडच्या ब्रायन मेची गोष्ट मात्र मला सगळ्यात जवळची वाटते. १९६३ मध्ये विकत घ्यायला पैसे नाहीत म्हणून त्यानं वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली, मानेसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड. तीन बर्न्स ट्राय-सॉनिक पिकअप, प्रत्येकाला स्वतःचा चालू-बंद स्विच आणि वर प्रत्येकाला फेज उलटा करायचा स्विच, आणि सगळे सिरीजमध्ये, एकापुढं एक जोडलेले, म्हणजे दोन चालू केले की आवाज आणखी जोरात येतो. पिकअप शिट्टी मारायला लागले म्हणून त्यात अराल्डाइट ओतलं. तेच, आपण तुटलेली बादली चिकटवतो ते.

आपल्याकडे हे सगळं उशिरा पोचलं. १९९१ च्या आधी बाहेरची गिटार म्हणजे आयात कर आणि परवाने, त्यामुळे कलकत्त्याच्या गिव्हसनसारख्या देशी गिटारी किंवा कुणा नातेवाइकानं दुबईहून आणलेली एखादी. पण पिकअप ही चीज आपल्या रस्त्यावर आधीपासून होतीच, मिरवणुकीतला बेंजो म्हणजे काय, बुलबुल तरंगाखाली पिकअप लावून भोंग्यावर सोडलेला. ते करणाऱ्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

आता निवडायचं म्हणाल तर माझं मत एचएसएस. ऑर्केस्ट्रातली स्वच्छ कॉर्ड नेक-मिडलवर, सोलो हमबकरवर, आणि गुणगुणीचा त्रास निम्मा. पण नावापेक्षा आतलं बघा. पिकगार्ड काढू देत असतील तर काढून बघा, खाली लाकूड किती कोरलंय. तिन्ही ठिकाणी सिंगलपुरतंच कोरलं असेल तर उद्या हमबकर बसवायला लाकूड खोदावं लागेल, आणि एकच मोठा खड्डा असेल तर काही पण बसतं. दुसरं, पॉट लहान आहेत का मोठे, कारण मोठा पॉट लहान भोकात जात नाही. तिसरं, आपलं हवामान. एप्रिल-मेमध्ये सोलापूर इतकं कोरडं तापतं की मानेचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बाजूनं बोटाला लागायला लागतात, म्हणून शक्यतो उन्हाळ्यात बघा, जे दिसायचं ते दिसतं.

बदलात सगळ्यात आधी काय करायचं तर वायरचा एक तुकडा. १९५४ पासून स्ट्रॅटच्या ब्रिज पिकअपला टोन कंट्रोलच नव्हता, एक टोन नेकला, दुसरा मिडलला, आणि ब्रिज कानात टोचायचा. स्विचवर मिडलच्या टोनवरून ब्रिजच्या टोनच्या टोकाला एक छोटी वायर मारली की झालं. दुसरा बदल पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरच्या काळ्या स्ट्रॅटवर होता तो, एक छोटा स्विच घालून नेक पिकअप कधी पण चालू करता येतो, त्यामुळे नेक आणि ब्रिज एकत्र किंवा तिन्ही एकत्र मिळतात, पाचाचे सात आवाज. मी हे पुश-पुल पॉटवर केलंय, म्हणजे नॉब वर ओढला की स्विचचं काम करतो, गिटारला नवीन भोक पाडायची गरज नाही. नेक-ब्रिजचा आवाज टेलिकास्टरच्या जवळ जातो, जुन्या गाण्यांच्या कॉर्डला इतका शोभतो की मी आता निम्मा कार्यक्रम त्यावरच वाजवतो.

सामान इथंच मिळतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात २५० के किंवा ५०० के ओहमचा पॉट मागितला तर नाही म्हणतील, २२० के आणि ४७० के मागा, तेच काम करतात. फक्त व्हॉल्यूमला लॉग पॉट घ्या, लिनिअर घेतला तर सगळा आवाज एका टोकाला गोळा होतो. कपॅसिटर ४७३ किंवा २२३ लिहिलेला, म्हणजे ०.०४७ आणि ०.०२२ मायक्रोफॅरड. बाहेरची गुणगुण अडवायला खड्ड्याला आतून तांब्याची टेप लावा, ॲल्युमिनियमची फॉइल पण चालते पण तिला साधी सोल्डर धरत नाही. आणि सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची, माझा पहिला स्विच मी ६० वॉटच्या आयर्ननं वितळवला होता, प्लास्टिक बसलं आणि तो परत हललाच नाही. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता. मामानं रात्री साडेदहाला दुकान उघडून जुन्या टेपमधला स्विच काढला आणि दोन जागांचा का होईना, चालू करून दिला.

सध्या मी मिडल पिकअप स्वतः गुंडाळायच्या मागे आहे, उलटा. एमआयडीसीत मोटर वाइंडिंगवाल्याकडे गेलो, त्यानं त्याच्याकडची सगळ्यात बारीक तार काढून दाखवली, तरी ती माझ्या कामाला जाडच होती. म्हणाला, पुण्याहून मागवतो, पण आठ हजार टर्न हातानं मारणार का बे तू?