फड्या निवडुंग (विदर्भ)

फड्या निवडुंग (नागफणी, प्रजाती ओपन्शिया, कुल कॅक्टेसी) : विदर्भात धुऱ्यावर (शेताच्या बांधावर), पांदणीच्या कडेला व बरड माळावर दिसणारे मांसल झुडूप. मूळ अमेरिकेतील. ते पोर्तुगिजांनी भारतात आणले असे सर्रास म्हटले जाते. लेखी पुरावा मात्र तुटपुंजा आहे. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन याने रिओ दि जानेरोहून कोलकात्यास लाल रंग देणारे किडे (कोचिनियल) आणले, ही नोंद अधिक भरवशाची. ते किडे इथल्याच निवडुंगावर पोसले गेले. म्हणजे वनस्पतीचे आगमन त्यापूर्वीचे मानणे सयुक्तिक ठरते. किडे हलक्या जातीचे निघाले आणि रंगाचा धंदा बसला.

चपटे हिरवे फडे पाने नसून खोडाची कांडी होत. खरी पाने बारीक, टोकदार असून कोवळ्या फड्यावर थोडे दिवस टिकतात. फडा आडवा कापल्यास कडेला हिरवा पट्टा व मध्ये फिकट, बुळबुळीत गर दिसतो. हा श्लेष्मल गर पाणी धरून ठेवतो. टंचाईत आधी गर आक्रसतो, हिरवे ऊतक बरेच उशिरा. बाहेरची मेणचट उपत्वचा बाष्प अडवते.

त्वग्रंध्रे (त्वचेवरील सूक्ष्म छिद्रे) रात्री उघडतात. तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात साठतो व दिवसा, रंध्रे मिटलेली असताना, वापरला जातो. बेंजामिन हेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतातच पानफुटीची पाने सकाळी आंबट व दुपारी बेचव लागतात असे नोंदवले (१८१५). तो हाच प्रकार. वैशाखात, रात्रीही उकाडा असताना, रंध्रे जवळपास बंदच राहतात; झाड वाढत नाही, तग धरते.

काटे दवाचे पाणी टिपतात असे काही अभ्यासक मानतात. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात संरक्षण व सावली हेच कार्य अधिक संभवते. काट्यांच्या बुडाशी केसाळ गादीवर सूक्ष्म कुसळांचे झुपके असतात. नुसत्या स्पर्शाने ती बोटात रुततात आणि उलट्या दात्यांमुळे सहज निघत नाहीत.

मुळे उथळ व दूरवर पसरलेली असल्याने थोड्या सरीचेही पाणी मिळते. पाणी तुंबणाऱ्या काळ्या जमिनीत मात्र ती कुजतात. मुरमाड धुरा मानवतो.

त्रिधारी निवडुंग व शेर यांना चीक असतो. ती एरंड कुलातील असून संबंध दूरचा.

पिकलेली बोंडे कुसळे काढून खातात. टंचाईत काटे जाळून फडे गुरांना घालतात; प्रथिने व चोथा कमी असल्याने सोबत पेंड व कडबा लागतोच.