निवासी वसाहतींतील फटाकेवापराचे नियम

निवासी वसाहतींतील फटाकेवापराचे नियम : सहकारी गृहनिर्माण संस्था, अपार्टमेंट, चाळी, बंगल्यांच्या वसाहती इत्यादी ठिकाणी रहिवाशांनी शोभेची दारू व आवाजाचे फटाके कधी, कुठे आणि कोणते उडवावेत यासंबंधीची बंधने. ही बंधने एका कायद्यात सापडत नाहीत. स्फोटकांविषयीचे केंद्रीय नियम, पर्यावरण कायद्याखालील ध्वनिमर्यादा, सर्वोच्च व उच्च न्यायालयांचे आदेश, पोलिसांचे मनाई आदेश आणि संस्थेच्या सर्वसाधारण सभेचे ठराव असे त्यांचे एकावर एक थर आहेत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील स्थितीचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : वस्तीत दारू उडवण्याचे नियमन केव्हा सुरू झाले हा प्रश्न भारतात आतषबाजी केव्हा आली या जुन्या वादाशी जोडलेला आहे. गुस्टाव्ह ऑपर्ट यांनी १८८० मध्ये प्राचीन भारतीयांना बंदुकीची दारू ठाऊक होती असे प्रतिपादन केले. त्यांचा भर शुक्रनीती या संस्कृत राजनीतिग्रंथातील सोऱ्याच्या कृतीवर होता. पण त्या ग्रंथाचा, निदान त्यातील या भागाचा, काळ बराच अलीकडचा असावा असे अनेक अभ्यासक मानतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील अग्नियोग हे दाहक मिश्रणांचे प्रयोग आहेत, त्यांत स्फोटक दारू दिसत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतील प. कृ. गोडे यांनी संस्कृत, मराठी व परकीय साधने तपासून भारतातील आतषबाजीचा इतिहास साधारणपणे १४०० नंतरचा ठरवला. विजयनगरच्या दरबारी १४४३ मध्ये आलेल्या अब्दुर रझाकने महानवमीच्या उत्सवातील दारूकामाचा उल्लेख केला आहे. ओरिसाच्या गजपती प्रतापरुद्रदेवाच्या नावावरील कौतुकचिंतामणीत दारूच्या कृती आहेत, तर एकनाथांच्या रुक्मिणीस्वयंवरात (१५७१) लग्नसोहळ्यातील आतषबाजीचे वर्णन येते. गोड्यांची कालनिश्चिती सामान्यतः मान्य होण्यासारखी आहे.

दारूकाम वस्तीपासून दूर नेण्याची कल्पना मराठी साधनांत अप्रत्यक्षपणे दिसते. पेशव्यांच्या बखरीत महादजी शिंदे सवाई माधवरावांना राजस्थानातील कोट्याच्या दिवाळीची हकीकत सांगतात. तेथील राजा चार दिवस राजधानीच्या हद्दीबाहेर दारूची लंका (रामायणातील लंकेचा दारूचा देखावा) रचून उडवतो, असे त्यात म्हटले आहे. त्यावरून पेशव्यांनी तसाच खेळ पुण्यात करवला आणि तो पर्वतीच्या पायथ्याशी झाला, असे बखरकार लिहितो. बखरीतील तपशील अक्षरशः घेता येत नाही. तरी मोठ्या आतषबाजीची जागा गावाबाहेर ही समजूत त्यातून स्पष्ट होते. घराच्या अंगणातल्या फुलबाज्या-फटाक्यांवर त्या काळी काही बंधन होते असे दाखवणारा पुरावा पुढे आलेला नाही.

इंग्रजी अमदानीत १८८४चा स्फोटक अधिनियम झाला. तो आजही लागू असून त्याखालील २००८च्या नियमांत फटाके सातव्या वर्गात येतात. हे नियम पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. क्लोरेट व गंधक यांच्या मिश्रणावर १९९२ पासून बंदी आहे. २००८च्या नियमांचा रोख मात्र उडवण्यापेक्षा साठ्यावर व विक्रीवर अधिक आहे. तात्पुरते गाळे अज्वलनशील साहित्याचे, एकमेकांपासून किमान ३ मीटर व संरक्षित वास्तूपासून (राहती घरे, शाळा, रुग्णालये इत्यादी) ५० मीटर दूर असावेत, समोरासमोर नसावेत, एका ठिकाणी ५० पेक्षा अधिक नसावेत, त्यांच्यापासून ५० मीटरच्या आत आतषबाजी करू नये, अशा अटी आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये निवासी भागांतील विक्रीला मनाई केली आणि पुढील वर्षी ती शिथिल करण्यास नकार दिला. त्यामुळे सोसायटीच्या फाटकालगत टेबल मांडून होणारी विक्री अनेकांना निरुपद्रवी वाटत असली तरी ती नियमबाह्य ठरते.

आवाजाची मर्यादा : केंद्र सरकारच्या ५ ऑक्टोबर १९९९च्या अधिसूचनेनुसार, फुटण्याच्या जागेपासून ४ मीटर अंतरावर १२५ डेसिबल (ए-आवेग, क्षणिक आवाज मोजण्याची पद्धत) किंवा १४५ डेसिबल (सी-शिखर, आवाजाचे सर्वोच्च टोक) यांपेक्षा अधिक आवाज करणाऱ्या फटाक्यांचे उत्पादन, विक्री व वापर यांना बंदी आहे. माळेतील प्रत्येक फटाक्यासाठी ही मर्यादा माळेतील संख्येच्या दशमान लॉगॅरिथमच्या पाचपट इतक्या डेसिबलने उतरते. म्हणजे शंभराच्या माळेतील फटाक्याला ११५, हजाराच्या माळेतील फटाक्याला ११० आणि दहा हजारांच्या माळेतील फटाक्याला १०५ डेसिबल. वरकरणी हे बंधन कडक वाटते. पण फटाके वाढले की एकूण ध्वनिऊर्जा लॉगॅरिथमच्या दहापट डेसिबलने चढते, मर्यादा मात्र पाचपटीनेच उतरते. त्यामुळे शंभराची नियमात बसणारी माळही एका कायदेशीर सुतळी बॉम्बच्या सुमारे दहापट ऊर्जा परिसरात टाकू शकते. माळांवर वेगळी बंदी का घालावी लागली याचे एक स्पष्टीकरण या गणितात आहे. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०१८ मध्ये माळांच्या धुराचा, आवाजाचा व कचऱ्याचा मुद्दा पुढे ठेवला.

मोजणीच्या अटी अधिक विचार करायला लावणाऱ्या आहेत. फटाका किमान ५ मीटर व्यासाच्या कठीण काँक्रीटच्या पृष्ठभागावर ठेवावा, आणि त्याच्या भोवती १५ मीटरपर्यंत ध्वनी परावर्तित करणारी भिंत वा अन्य पृष्ठभाग नसावा. पुणे-ठाण्याच्या एखाद्या सोसायटीत तीन बाजूंना सातमजली इमारती आणि मध्ये वाहनतळ असतो. तेथे १५ मीटर मोकळी जागा मिळत नाही. आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो, जिन्यात घुमतो, खिडक्यांच्या काचा थरथरतात. खुल्या मैदानावर अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, म्हणजे ४ मीटरवरचे १२५ डेसिबल १६ मीटरवर ११३ राहतात. बंदिस्त चौकात ही घट इतकी होत नाही. वेष्टनावरचा आकडा खरा असूनही तो त्या चौकाला लागू पडत नाही.

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांतील निवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. तिची १२५शी थेट तुलना वर्तमानपत्रांत नेहमी दिसते, ती तांत्रिकदृष्ट्या बरोबर नाही. परिसराची मर्यादा ठरावीक काळातील सरासरीची आहे, फटाक्याची मर्यादा क्षणिक आवेगाची. एकच बॉम्ब फुटल्याने परिसराची सरासरी मोडेलच असे नाही, आणि संध्याकाळभर चाललेल्या छोट्या फटाक्यांनी ती मोडूनही एकही फटाका स्वतंत्रपणे बेकायदा ठरत नाही. तक्रार करण्याचा हक्क परिसराचा आवाज मर्यादेपेक्षा १० डेसिबल वा अधिक चढल्यास, तसेच रात्रीच्या वेळेचे बंधन मोडल्यास मिळतो. पोलीस ठाण्याला आवाज मोजण्यापेक्षा घड्याळ पाहणे सोपे जाते ते यामुळे. मुंबईत ध्वनिप्रदूषणाविरुद्ध काम करणाऱ्या आवाज फाउंडेशनने दिवाळीपूर्वी केलेल्या चाचण्यांत मर्यादा ओलांडणारे फटाके आढळले आहेत.

वेळेचे बंधन : ‘रात्री दहानंतर फटाके नाहीत’ हा सर्वांना माहीत असलेला नियम. त्याचे मूळ बहुतेक जण २०००च्या नियमांत मानतात. मूळ नियमांत दहा ते सहा ही मनाई ध्वनिक्षेपकांपुरती होती. फटाक्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २००१च्या अंतरिम आदेशाने संध्याकाळी ६ ते रात्री १० एवढीच मुभा ठेवली. १८ जुलै २००५च्या निकालात रात्री १० ते सकाळी ६ आवाजाच्या फटाक्यांना पूर्ण मनाई झाली. आणि जानेवारी २०१०च्या दुरुस्तीने ती नियमांत आली. म्हणून हे बंधन न्यायालयातून नियमांत उतरले, असे मानणे अधिक युक्त. याच दुरुस्तीने घोषित शांतता क्षेत्रात, म्हणजे साधारणपणे रुग्णालय, शाळा-महाविद्यालय व न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरमध्ये, असे फटाके उडवण्यास दिवसाही मनाई केली. ज्या सोसायटीच्या भिंतीला लागून प्रसूतिगृह किंवा शाळा आहे तिथे हा नियम सरसकट दुर्लक्षिला जातो.

सण-उत्सवात वर्षातून १५ दिवसांपर्यंत रात्री १२ पर्यंत सूट देता येते ती ध्वनिक्षेपकांसाठी. ती फटाक्यांना लागू नाही. विसर्जन मिरवणुकीच्या व नवरात्राच्या काळात ही गल्लत हमखास होते.

महाराष्ट्रापुरता खरा पेच नरकचतुर्दशीच्या पहाटेचा आहे. अभ्यंगस्नान सूर्योदयापूर्वीचे, पहिला फटाका आपल्या दारात फुटावा म्हणून पोरे चारलाच उठतात. सहा वाजण्यापूर्वीचा प्रत्येक आवाजी फटाका रात्रीच्या मनाईत मोडतो. गोव्यात पहाटे होणाऱ्या नरकासुरदहनालाही हीच अडचण आहे. तमिळनाडूने २०१८ मध्ये आपल्याकडील दिवाळी सकाळची असल्याचे सांगून सर्वोच्च न्यायालयाकडून वेळ बदलण्याची मुभा मिळवली, मात्र त्या वर्षीच्या निकालाने (पुढे पाहा) ठरवलेला एकूण दोन तासांचा कालावधी तसाच राहिला. त्या राज्याने सकाळी ६ ते ७ व संध्याकाळी ७ ते ८ अशी विभागणी केली.

सर्वोच्च न्यायालयाच्या २३ ऑक्टोबर २०१८च्या निकालाने (अर्जुन गोपाल प्रकरण, मूळ याचिका २०१५ मध्ये तीन तान्ह्या मुलांच्या वतीने दाखल झाली होती) दिवाळीत रात्री ८ ते १०, नाताळ व नववर्षाला रात्री ११.५५ ते १२.३० अशा वेळा ठरल्या. माळा, बेरियमचे क्षार आणि ऑनलाइन विक्री यांना बंदी झाली. शक्य तेथे एका ठरलेल्या जागी सामुदायिकरीत्या फटाके उडवावेत, असेही न्यायालयाने सुचवले. मुंबई उच्च न्यायालयाने ६ नोव्हेंबर २०२३ रोजी मुंबई महानगर प्रदेशातील हवेची स्थिती पाहून ७ ते १० अशी वेळ दिली आणि चारच दिवसांत ती ८ ते १० केली. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) विकसित केलेल्या हरित फटाक्यांच्या कृती धूलिकण सुमारे ३० टक्क्यांनी कमी करण्याच्या उद्दिष्टाने बनवल्या आहेत. हरित म्हणजे बिनआवाजी नव्हे. दिवाळीत दहानंतर तेही चालत नाहीत.

संस्थेचे अधिकार : येथे साधने विरळ आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालील आदर्श उपविधींत (संस्थांच्या कारभाराच्या नमुना नियमांत) फटाक्यांसाठी वेगळे प्रकरण नाही. इतर सभासदांना उपद्रव होईल असे वर्तन करू नये, सामाईक जागा अडवू नयेत, या सर्वसाधारण तरतुदींवरच काम चालते. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये सहकारी संस्थेचे उपविधी कायद्याच्या तोडीचे नाहीत, ते संस्था व सभासद यांच्यातील कराराच्या स्वरूपाचे आहेत, अशी भूमिका घेतली. त्यावरून दोन गोष्टी निघतात. संस्था आपल्या आवारातील सामाईक जागेपुरते कायद्यापेक्षा कडक बंधन घालू शकते. परंतु कायद्याने नाकारलेली सूट कोणताही ठराव देऊ शकत नाही. ‘आपल्या सोसायटीत अकरापर्यंत चालेल’ असे सभेने एकमताने मंजूर केले तरी ते निरर्थक आहे. संस्थेला आवारात संपूर्ण बंदी करता येते की नाही याबाबत मतभेद आहेत. सामाईक जागेच्या वापराचे नियमन हा सर्वसाधारण सभेचा अधिकार असल्याने करता येते, हे मत अधिक सबळ वाटते. केवळ व्यवस्थापक समितीने किंवा सचिवाने व्हॉट्सॲपवर टाकलेली बंदी मात्र तितकी टिकाऊ नसते. दंड करायचा तर सभेने तो आधी ठरवलेला हवा आणि सभासदाला कारणे दाखवा नोटीस द्यायला हवी. वाद सहकार न्यायालयात जातो. भाडेकरू सभासद नसल्याने त्याच्यावरील बंधन घरमालकामार्फत किंवा भाडेकरारातील अटीने येते.

प्रत्यक्षातील नियम साधे असतात. वसुबारसेच्या आसपास सूचनाफलकावर कागद लागतो : गच्ची, जिना, गॅलरी व डक्टमध्ये फटाके लावू नयेत, वाहने हलवून ठेवलेल्या कोपऱ्यातच लावावेत, रॉकेट व सुतळी बॉम्ब आणू नयेत, लहान मुलांसोबत मोठे माणूस असावे, कचरा ज्याचा त्याने उचलावा. वाळूच्या बादल्या आणि पाण्याचा पाइप पहारेकऱ्याच्या केबिनजवळ ठेवतात. रॉकेटवरचा राग समजण्यासारखा आहे. बाटलीत उभे केलेले रॉकेट बाटली कलंडली की आडवे सुटते आणि दोरीवरच्या कपड्यांत किंवा कबुतरांसाठी लावलेल्या नायलॉनच्या जाळीत शिरते. जाळी पेटली की वितळून थेंब खालच्या मजल्यावर पडतात. भुईनळ्याबाबत सूचना सहसा नसते, वास्तविक न पेटलेल्या भुईनळ्यावर वाकून पाहणाऱ्याचा चेहरा भाजतो. हवेत सोडायच्या उडत्या कंदिलांना अलीकडे मुंबई पोलिसांनी मनाई आदेशांद्वारे बंदी केली आहे. दारात टांगायच्या आकाशकंदिलाशी तिचा संबंध नाही.

शिक्षा : स्फोटक पदार्थाबाबत निष्काळजीपणा हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २८८ खाली गुन्हा आहे (सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही). मनाई आदेश मोडल्यास कलम २२३ लागते. पर्यावरण संरक्षण अधिनियमातील कैदेची तरतूद जाऊन एप्रिल २०२४ पासून तेथे दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आला आहे.

अन्यत्र : परदेशस्थ मराठी भाषकांना वेगळ्या चौकटीत राहावे लागते. ब्रिटनमध्ये २००४च्या नियमांनुसार रात्री ११ ते सकाळी ७ फटाक्यांना मनाई आहे. त्याला असलेल्या मोजक्या अपवादांत दिवाळीची रात्र आहे आणि त्या रात्री १ वाजेपर्यंत मुभा असते.