ठिपक्यात न मावलेला नाला

चंद्रपूर, यवतमाळकडच्या गावांत वाघ कुठून येतो असं विचारलं, की उत्तर मिळतं, "नाल्यानं येते जी." डिसेंबरात नाल्यालगतची तूर माणसाच्या डोक्यावर गेलेली असते. पलीकडे पराटी म्हणजे कपाशी, मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बोरी-बाभळी. त्यातून जनावर दिवसाढवळ्या गेलं तरी हाकेच्या अंतरावरच्या माणसाला पत्ता लागत नाही. ही वाट नकाशावर यायला मात्र चार दशकांहून अधिक काळ लागला.

1972 साली अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह सुटला, जमिनीची चित्रं काढणारा. त्याच्या चित्रातला एक ठिपका जमिनीवर साधारण 80 मीटर लांब, तेवढाच रुंद. म्हणजे 64 आर, दीड एकराहून किंचित जास्त. तेवढ्यात नाला, धुरा, पांदण आणि तूर यांचा एकच रंग व्हायचा. 1981 मध्ये भारतीय वन सर्वेक्षण संस्था स्थापन झाली आणि 1987 चा तिचा पहिला अहवाल लँडसॅटच्याच चित्रांवर बेतला होता. देशात जंगल किती उरलं, हे त्या वेळी मोजायलाच हवं होतं. पण त्या हिशेबात शेतशिवार सरसकट 'बिगरवन' ठरलं, आणि वाघाला लपवणारी तूरही त्यातच गेली.

1988 च्या मार्चमध्ये आपला आयआरएस-1ए हा उपग्रह अवकाशात गेला, 1995 मध्ये आयआरएस-1सी. ठिपका 36 मीटरवर, मग 23.5 मीटरवर आला. 2015 पासून सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाची 10 मीटरची चित्रं फुकट मिळू लागली. 10 मीटर गुणिले 10 मीटर म्हणजे बरोबर एक आर, सातबाऱ्यावर असतो तोच. शेतकऱ्याच्या आणि उपग्रहाच्या मापाची गाठ पडली ती इथे.

माझ्या मते बारीक ठिपक्यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे दर काही दिवसांनी येणारं नवं चित्र. एप्रिलमध्ये सागवान निष्पर्ण होतो. त्या महिन्याचं एकच चित्र पाहिलं तर भरलं जंगल उजाड वाटतं आणि भंडारा-गोंदियातलं उन्हाळी धान हिरवंगार दिसतं. विदर्भात अधिवास महिन्यागणिक बदलतो. तूर कापली, की काल असलेला आडोसा आज नसतो.

2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला रेडिओ कॉलर लावलेला तरुण वाघ 1300 किलोमीटरहून जास्त भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. त्याच्या मार्गातला बराचसा मुलूख शेतांचा होता, नाल्यांचा होता, म्हणजे जुन्या नकाशांवरच्या 'बिगरवन' रंगाचा.

झुडपी जंगलाची गोष्ट वेगळी. पूर्व विदर्भात तो खुरट्या झुडपांच्या जमिनींसाठीचा महसुली नोंदीतला शब्द आहे, आणि 22 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने त्या जमिनी वनजमीनच मानल्या. कागद आणि चित्र दोन्ही समोर ठेवूनच तिथला नकाशा करावा लागेल.

आता नाला खोलीकरणात काठची झुडपं निघाली, तर आकाश निरभ्र असल्यास आठवड्याभरात ते चित्रात दिसतं. काम मंजूर करतानाच ते चित्र ग्रामसभेसमोर ठेवावं.