बाह्य दिव्यांचा बिघाडशोध (लहान विमान)

लहान खासगी विमानाच्या बाहेरचा एखादा दिवा लागेनासा झाला, मंद झाला किंवा मधूनच विझू लागला, तर दोष बल्बमध्ये आहे, स्विचमध्ये आहे, वायरमध्ये आहे की अर्थमध्ये (वीज परत जाण्याच्या जोडात), हे क्रमाने मोजून ठरवण्याचे काम. बहुतेक वेळा पहिला संशय स्विचवर जातो आणि तो मोजमाप न करताच बदलला जातो. दिवा कधी कधी लागतोही, कारण बदलताना वायर हलते आणि सैल जोड तात्पुरता बसतो. दोन आठवड्यांनी तक्रार परत येते.

नॅव्हिगेशन दिव्यांची, म्हणजे विमानाची दिशा दाखवणाऱ्या दिव्यांची, मांडणी सर्वत्र सारखी आहे. डाव्या पंखाच्या टोकाला लाल, उजव्या टोकाला हिरवा आणि शेपटीला पांढरा. लाल व हिरवा प्रत्येकी ११० अंशांत दिसतो, पांढरा १४० अंशांत, आणि तिघे मिळून पूर्ण वर्तुळ भरतात. रात्री समोर उजवीकडे लाल आणि डावीकडे हिरवा दिसला, तर ते विमान आपल्याच दिशेने येत आहे. एक बल्ब विझला तर समोरच्या वैमानिकाच्या हातून हीच खूण निसटते, म्हणून या दिव्यांकडे शोभेची वस्तू म्हणून पाहता येत नाही. याशिवाय लुकलुकणारा बीकन, झगमगणारे स्ट्रोब, आणि उतरताना व धावपट्टीकडे जाता-येताना लावायचे लँडिंग व टॅक्सी दिवे असतात.

विजेचे मंडल (सर्किट) साधे असते. बॅटरीकडून मास्टर स्विचमार्गे करंट पॅनेलमागच्या पट्टीवर, म्हणजे बसवर येतो. तिथून करंट जास्त झाला की वाट तोडणारा ब्रेकर, मग स्विच, मग पंखाच्या मुळाशी असलेला जोड, मग दिवा. परतीची वायर बहुधा नसतेच. विमानाचा अॅल्युमिनियमचा सांगाडाच परतीची वाट असतो. गोंदियाच्या प्रशिक्षण संस्थेत उडणाऱ्या डायमंड डीए-४० सारख्या विमानाचे अंग मात्र संमिश्र धाग्यांचे असते. त्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून तिथे परतीसाठीही धातूची वाट वेगळी करून द्यावी लागते. समोर कोणते विमान आहे हे पाहिल्याशिवाय व्होल्ट मोजणाऱ्या मीटरचे काळे (ऋण) टोक कुठे टेकवायचे हेसुद्धा ठरत नाही.

स्विच लवकर खराब होतो त्याला कारण आहे. तारेच्या बल्बची तार थंड असताना तिचा विरोध फार कमी असतो. त्यामुळे चालू करण्याच्या क्षणी नेहमीच्या करंटच्या १५ पटींपर्यंत करंट धावू शकतो. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाच्या एसी ४३.१३-१बी या मार्गदर्शक पुस्तिकेत म्हणूनच दिव्यासाठी स्विच निवडताना १२ व्होल्टच्या प्रणालीत ५ पट आणि २४ व्होल्टच्या प्रणालीत ८ पट क्षमता धरायला सांगितली आहे. हीटरसाठी हेच आकडे १ आणि २ आहेत. म्हणजे पाच अँपिअरच्या दिव्याला २४ व्होल्टवर कागदोपत्री चाळीस अँपिअरचा स्विच लागतो. मोटारीच्या दुकानातला दिसायला तसाच स्विच बसवणे किती चुकीचे आहे, ते या एका आकड्यावरून कळते. शिवाय विमानात बसवायचा भाग मंजूर असावा लागतो, ते वेगळेच.

तपासणीचा गाभा एकच आहे: दिवा जोडलेला ठेवून, स्विच चालू ठेवून मोजणे. बल्ब काढून सॉकेटमध्ये मीटर लावला की तो पूर्ण व्होल्टेज दाखवतो, आणि मेकॅनिक वायर चांगली आहे असे समजून पुढे जातो. मीटर जवळजवळ काहीच करंट खेचत नाही. एकोणीस तारांपैकी एकच तार शिल्लक राहिली असेल तरी त्याला बारा व्होल्ट दिसणारच. दिव्याचा भार पडला की तीच वायर दगा देते.

जुन्या १४ व्होल्टच्या, म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी असलेल्या, विमानांत सर्रास आढळणारा ४५०९ हा लँडिंग दिवा १३ व्होल्टला १०० वॉटचा असतो, म्हणजे सुमारे ७.७ अँपिअर. दिवा लावून मीटरची दोन टोके स्विचच्या दोन टर्मिनलवर ठेवावीत. आकडा शून्याजवळ असेल तर स्विच निर्दोष आहे. बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज दिसले तर आतला संपर्कच तुटला आहे. एक व्होल्ट दिसला, तर दिव्यापर्यंत जायला हवी होती ती साडेसात वॉटहून जास्त ऊर्जा स्विचच्या आतल्या नखाएवढ्या संपर्कबिंदूवर उष्णता होऊन जळते आहे. असा स्विच बाहेर काढला की मागचे प्लास्टिक तपकिरी झालेले दिसते, वायरच्या टोकाचे थिंबल निळसर पडलेले असते आणि स्क्रू स्क्रूड्रायव्हरशिवाय बोटांनी पाव फेरा फिरतो. पुष्कळदा मूळ दोष त्या सैल स्क्रूचाच असतो आणि स्विच त्याच्या उष्णतेने गेलेला असतो. तेरा व्होल्टचा दिवा बारावर चालला तर उजेड जवळजवळ एक चतुर्थांशाने घटतो, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मग मीटर पुढे सरकवत न्यावा: ब्रेकरच्या दोन टोकांवर, पंखाच्या जोडावर, आणि शेवटी बल्बच्या अर्थच्या बाजूपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत. बसपासून दिव्यापर्यंतच्या वायरसाठी वरील पुस्तिकेतील मर्यादा १४ व्होल्टच्या प्रणालीत सतत चालणाऱ्या भाराला अर्धा व्होल्ट आणि २८ व्होल्टच्या प्रणालीत एक व्होल्ट अशी आहे. अर्थची बाजू सगळ्यात शेवटी तपासली जाते, पण मंद दिव्यांचे मूळ अनेकदा तिथेच सापडते. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर न दिसणारा ऑक्साइडचा थर चढतो, रंग देताना अर्थचा स्क्रू रंगाखाली जातो, आणि समुद्राकाठच्या खाऱ्या दमट हवेत पोलादी स्क्रूला टेकलेला पत्रा झिजत जातो. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासून, नव्या वॉशरसह जोड घट्ट केला की पाच रुपयांच्या कामात दिवा उजळतो.

ब्रेकर उडत असेल तर विचार उलटा करावा लागतो. ब्रेकर वायरला आगीपासून वाचवतो. दिव्याला वाचवणे हे त्याचे काम नाही. तो उडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवणे म्हणजे वायरलाच फ्यूज बनवणे. हवेत असताना लाइटचा ब्रेकर पुन्हा पुन्हा दाबू नये.

काही तक्रारींत बिघाडच नसतो. चाके आत ओढणाऱ्या पायपर अॅरो विमानात नॅव्हिगेशन दिव्यांचा स्विच चालू केला की चाके खाली आल्याचे सांगणारे हिरवे दिवे आपोआप मंद होतात, म्हणजे रात्री डोळे दिपू नयेत. दिवसा हा स्विच चालू राहिला तर हिरवे दिवे विझल्यासारखे वाटतात. म्हणून विमानाच्या माहितीपुस्तकातच लिहिले आहे की हिरवे दिवे दिसले नाहीत तर आधी नॅव्हिगेशन दिव्यांचा स्विच पाहावा.

एलईडी दिव्यांनी स्विचचा भार हलका केला, पण निदान अवघड केले. त्यांचे आतले सर्किट व्होल्टेज घटले तरी उजेड टिकवून धरते, त्यामुळे खराब होत चाललेला जोड डोळ्यांना दिसत नाही. स्ट्रोबच्या बाबतीत जास्त जपावे लागते. झेनॉन नळीच्या पॉवर सप्लायमधील कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असतात आणि मास्टर बंद केल्यावरही काही काळ राहतात. उत्पादकाने सांगितलेली वेळ थांबल्याशिवाय तिथला जोड उघडू नये.

हे काम कोणी करायचे, यावरही नियम बारीक आहेत. अमेरिकी नियमांच्या भाग ४३ च्या परिशिष्टात, वैमानिक-मालकाला स्वतः करता येण्याजोग्या कामांत लँडिंग दिव्याच्या तुटलेल्या वायरिंगचा शोध व दुरुस्ती स्पष्ट लिहिली आहे. नॅव्हिगेशन दिव्याचा मात्र बल्ब, परावर्तक आणि काच एवढेच बदलता येते. त्याच्या वायरिंगचा त्या यादीत उल्लेख नाही. भारतात विमान देखभाल अभियंत्यांना परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. अमेरिकेत मालकाने स्वतः केलेल्या दुरुस्तीनंतरही कामाचे वर्णन, तारीख, सही आणि प्रमाणपत्राचा क्रमांक लॉगबुकात लिहावा लागतो. त्यात कोणत्या दोन टर्मिनलमध्ये किती व्होल्ट घट सापडली, तेही लिहून ठेवले तर पुढच्या मेकॅनिकला तपासणी शून्यापासून करावी लागत नाही.