भिंतीवरचं दुसरं प्रमाणपत्र

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत आता तालुक्याच्या गावीही फिजिओथेरपी केंद्राची पाटी दिसते. केळीचे घड वाहून मान धरलेला यावलचा मजूर असो की लकव्यानंतर हात न उचलणारी शहाद्याची आजी, ‘मशीनचा शेक’ घ्यायला लोक तिथंच जातात. भिंतीवर पदवी लावलेली असते. तिच्या शेजारी फिजिओथेरपिस्टांची नोंद ठेवणाऱ्या राज्य परिषदेच्या नोंदणीचं प्रमाणपत्र आहे का, हे सहसा कुणी बघत नाही. पण महाराष्ट्रात हा व्यवसाय करायचा तर नुसती पदवी पुरत नाही, नोंदणीही लागते.

ही अट फार जुनी नाही. देशातलं या विषयाचं शिक्षण मुंबईत, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झालं. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये तिथं व्यवसायोपचाराची, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची, शाळा काढली. पोलिओने अधू झालेल्या मुलांचा प्रश्न तेव्हा मोठा होता, म्हणून पाठोपाठ फिजिओथेरपीचीही शाळा आली. तिला जागतिक आरोग्य संघटनेची मदत होती. १९५५ मध्ये फिजिओथेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. तिचं सभासदत्व म्हणजे परवाना, असा समज अजूनही आढळतो. तो चुकीचा आहे, कारण ती व्यावसायिकांची संघटना आहे, कायद्याने नेमलेलं मंडळ नव्हे.

शिक्षण १९५० च्या दशकात आलं आणि कायदा यायला जवळपास पन्नास वर्षं गेली. माझ्या मते याचं मुख्य कारण असं, की फिजिओथेरपिस्ट बराच काळ रुग्णालयाच्या छपराखाली आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काम करत राहिला. काही बिघडलं तर जाब रुग्णालयाला विचारता यायचा. स्वतंत्र दवाखाने निघाले तेव्हा हा आधार गेला. मान-कंबर ताणणारं ट्रॅक्शनचं टेबल किंवा विजेच्या सौम्य झटक्यांनी दुखणं कमी करणारं टेन्सचं यंत्र विकत घ्यायला पदवी लागत नाही. चार महिने कुणाच्या हाताखाली राहिलेला मदतनीसही ते घेऊन दुकान मांडू शकतो. गावचा हाडवैद निदान स्वतःला पदवीधर म्हणवत नव्हता. १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषदेच्या कायद्यात श्रवणतज्ज्ञ, कृत्रिम अवयव बसवणारे अशा अनेकांना जागा मिळाली, फिजिओथेरपिस्ट मात्र बाहेरच राहिले.

शेवटी राज्याने स्वतःचा कायदा केला. महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार (म्हणजे फिजिओथेरपी) परिषद अधिनियमाच्या नावात २००२ असलं, तरी तो २००४ सालचा दुसरा अधिनियम आहे. त्याने मुंबईत परिषद आली, नोंदवही आली आणि बिगरनोंदणी व्यवसायाला मनाई झाली. खान्देशातल्या पदवीधराचा कागदांचा प्रवास मोठा गमतीचा असतो: शिक्षण जळगाव-धुळ्यात, पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, नोंदणी मुंबईची. जळगावचं विद्यापीठ यात कुठंच येत नाही.

देशपातळीवर मात्र घोळ लांबत गेला. २००७ मध्ये लोकसभेत केंद्रीय परिषदांचं विधेयक आलं, ते बारगळलं. २०१८ मध्ये दुसरं आलं. शेवटी मार्च २०२१ मध्ये राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा संसदेत संमत झाला आणि त्यात फिजिओथेरपी हा स्वतंत्र व्यवसाय म्हणून नोंदला गेला. राज्य परिषदा सहा महिन्यांत व्हायच्या होत्या. बऱ्याच राज्यांनी त्या केल्याच नाहीत, इतकं की ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली.

पुढच्या वर्षी वाद पेटला तो वेगळ्याच गोष्टीवरून. आयोगाच्या २०२५ च्या नव्या अभ्यासक्रमात फिजिओथेरपिस्टाने नावाआधी ‘डॉ.’ आणि नावापुढे ‘पीटी’ (फिजिओथेरपिस्ट) लिहावं, असं सुचवलं होतं. डॉक्टरांच्या संघटना उखडल्या. ९ सप्टेंबर २०२५ रोजी केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ‘डॉ.’ लावू नये असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं. खान्देशात पेशंट तशीही समोरच्याला ‘डॉक्टरसाहेब’च म्हणतो. त्याच्यासाठी महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: यंत्राची तार जोडणारा माणूस नोंदवहीत आहे की नाही. त्याचं उत्तर पाटीवरच्या ‘डॉ.’मधून मिळत नाही, त्यासाठी नोंदणी क्रमांकच विचारावा लागतो.