साबण करारात बसतो का? अमेरिकेच्या दक्षिण सीमेवरील कोठड्यांची पार्श्वभूमी

मेक्सिकोतून अमेरिकेत शिरताना पकडलेल्या माणसाला पहिल्यांदा ज्या खोलीत डांबतात तिला स्पॅनिश बोलणारे स्थलांतरित ‘येलेरा’ म्हणतात, म्हणजे बर्फाची पेटी. जाळीच्या पिंजऱ्यांना त्यांचा शब्द ‘पेरेरा’, कुत्र्यांचा कोंडवाडा. सरकारी कागदांत याच जागा ‘होल्ड रूम’ आणि ‘प्रोसेसिंग सेंटर’ होतात. इथे खाटा नसतात, कारण कोणी रात्र काढेल हे बांधताना गृहीतच धरले नव्हते. तेव्हा सापडणारे बहुतेक एकटे मेक्सिकन पुरुष असत. बोटांचे ठसे घ्यायचे आणि काही तासांत पलीकडे सोडायचे, एवढेच काम. काँक्रीटचे बाक, रात्रभर जळणारे दिवे आणि गारठा तेव्हापासूनचा आहे. पुढे मध्य अमेरिकेतून बायका-मुले येऊ लागली. त्यांना लगेच परत धाडता येईना आणि मुक्काम दिवसांवर गेला, पण खोल्या त्याच राहिल्या.

मुलांच्या बाबतीत आधार आहे तो १९९७ च्या करारनाम्याचा. एल साल्वादोरहून आलेल्या १५ वर्षांच्या मुलीच्या वतीने १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात सरकारविरुद्ध दाखल झालेला खटला १२ वर्षांनी तडजोडीने मिटला. पकडल्यानंतर मुलांना ‘सुरक्षित आणि स्वच्छ’ जागेत ठेवावे, असे त्यात ठरले. पुढे यादी आहे: संडास व बेसिन, पिण्याचे पाणी, अन्न, तातडीचे उपचार, पुरेशी हवा, योग्य तापमान, देखरेख. यादीत साबण नाही, टूथब्रश नाही, झोपही नाही.

सगळा घोळ इथला. करारातला मूळ शब्द ‘सॅनिटरी’. मराठीत ‘स्वच्छ’ म्हटले तरी प्रश्न उरतोच, की खोली झाडलेली हवी की माणूस धुतलेला? २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयाने सांगितले की साबण, कोरडा टॉवेल, झोपायची सोय नसेल तर कराराचा भंग होतो. सरकार अपिलात गेले. जून २०१९ च्या सुनावणीत सरकारी वकिलांचा मुद्दा असा, की या वस्तू करारात नावानिशी लिहिलेल्या नाहीत, मग न्यायालय त्या नव्याने कशा घालणार? समोरच्या तीन न्यायाधीशांपैकी एकाचे बालपण दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी वंशीयांच्या छावणीत गेले होते. काँक्रीटवर, डोळ्यांवर दिवे, अंगावर चकचकीत चांदीसारखा कागद पांघरून झोपणे सुरक्षित व स्वच्छ म्हणायचे का, असे खंडपीठाने विचारले. ऑगस्टमध्ये अपील फेटाळले गेले. ज्या तक्रारींवरून हे सुरू झाले त्या आधीच्या, ओबामांच्या सरकारच्या काळातल्या होत्या, हे दोन्ही राजकीय पक्षांचे समर्थक सोयीने विसरतात.

त्याच वर्षी, २०१९ च्या मे महिन्यात, सरकारचेच तपासनीस टेक्सासमधल्या एल पासोच्या केंद्रात गेले. १२५ जणांच्या जागेत सुमारे ९०० माणसे होती. ३५ जणांच्या एका कोठडीत १५५ पुरुष होते. काही जण जरा श्वास घेता यावा म्हणून संडासाच्या भांड्यावर चढून उभे होते.

घड्याळाचा प्रश्न वेगळा. एकट्या आलेल्या मुलांना ७२ तासांच्या आत आरोग्य खात्याच्या निवाऱ्यात हलवावे, असा कायदा २००८ चा. २०१४ मध्ये लोंढा वाढला तेव्हा निवारे अपुरे पडले, म्हणून टेक्सासमधल्या मॅकॅलनला एक गोदाम जाळ्या लावून वापरात आणले. २०१८ मध्ये आईबापांपासून तोडलेली मुले जगाने पाहिली ती याच जाळ्यांमागे. २०२१ मध्ये सरकार बदलले होते, तरी टेक्सासच्याच डोना गावच्या तंबूंत, कोविड साथीच्या नियमाने २५० जणांच्या जागी, ४,००० वर माणसे कोंबली गेली. मोठ्यांसाठी निकाल आला तो ॲरिझोनाच्या टूसॉन भागापुरता: फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने ४८ तासांनंतर खाट, पांघरूण, अंघोळ, अन्न आणि वैद्यकीय तपासणी सक्तीची केली.

५ फेब्रुवारी २०२५ रोजी लष्करी विमानाने अमृतसरला उतरवलेल्या १०४ भारतीयांपैकी अनेकांना सीमेवरच पकडले होते. बहुतेक पंजाब, हरियाणा, गुजरातचे, महाराष्ट्राचे तिघे. आपल्याकडे चर्चा झाली ती विमानातल्या बेड्यांची. त्याआधीच्या कोठडीतल्या दिवसांबद्दल फारसे कोणी विचारले नाही.

त्यानंतर सीमा ओस पडत गेली आणि धरपकड शहरांत सरकली. जुलैमध्ये कोठड्यांसाठी ४५ अब्ज डॉलर मंजूर झाले. त्याच्या आदल्याच महिन्यात शहरांमधल्या होल्ड रूमची १२ तासांची मर्यादा ७२ तासांवर नेण्यात आली होती.